श्रद्धेची किंमतही ठरवा

तुमच्या कथेच्या काल्पनिक जगात वीराचं कवच श्रद्धेवर चालतं, आणि त्यासाठी आधीच्या एका प्रतिसादात 'जितकी श्रद्धा जास्त, तितका वीर बलवान. राक्षसांकडे श्रद्धाच नसते' असा नियम सुचवलाय. पहिला भाग चालेल, दुसरा मात्र मला पटत नाही.

आपल्याकडचे असुर बघा ना. हिरण्यकशिपूने देवांनाही घाम फुटेल असं तप केलं आणि वर मागितला तोही वकिलासारखा: दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही. नरसिंहाने नियम मोडला नाही, फट शोधली. संध्याकाळ आणि उंबरठा! तुमच्या कथेतला वीर निव्वळ ताकदीने जिंकण्यापेक्षा असा जिंकला तर वाचायला जास्त मजा येईल.

आणि श्रद्धा एकट्याचीच का? खंडोबाची तळी भरताना पाहिलीय का कधी? ताम्हनात भंडारा, खोबरं, सुपारी. तीन, पाच किंवा सात जण मिळून ते 'सदानंदाचा येळकोट' म्हणत उचलतात. तुमचं कवच असंच पाच जणांनी उचलायचं असेल तर? एकाच्या मनात शंका आली की ताम्हन कलंडलं. मग राक्षसाला लढायची गरजच नाही, त्या पाचांत भांडण लावलं की झालं.

खंडोबाने हरवलेल्या मणी आणि मल्ल या दैत्यांचंही बघा. मणी शेवटी शरण आला आणि जेजुरीत त्यालाही जागा मिळाली. मल्लाचं नाव तर 'मल्लारी'मध्ये, म्हणजे मारणाऱ्याच्याच नावात टिकलं. तुमच्या जगात हरलेल्या राक्षसाचं पुढे काय होतं, हे आधी लिहून काढा. नकाशे, राजघराणी वगैरे नंतर बघता येईल.