जुन्या स्विफ्टचे शॉकअप: तेलाचे मऊ की गॅसचे कडक?

डोंगरवाट (धागाकर्ता)

गाडी २००९ची स्विफ्ट एलएक्सआय, पेट्रोल, एक लाख बारा हजार किलोमीटर. २०२४ मध्ये पंधरा वर्षं भरली तेव्हा पुन्हा पासिंग केलं, हरित कर भरला आणि पाच वर्षांची मुदत वाढवून घेतली. थोडक्यात, गाडी विकायची नाही हे ठरलंय. 'काढून टाका' असे प्रतिसाद कृपया देऊ नयेत. (देणारे देतीलच.)

प्रश्न आईचा आहे. ती मागे डावीकडे बसते, मणक्याचं दुखणं जुनं. महिन्यातून दोनदा पुणे-वाई होतं. पूर्वी खंबाटकी उतरल्यावर चहाला थांबायचो, आता ती खेड शिवापूरलाच 'जरा पाठ मोकळी करू दे' म्हणते. मागचा डावा शॉकअप पाझरतोय. नळीवर तेलाचा ओघळ आणि त्यावर धुळीचा चिखल, हात लावला तर बोटं काळी.

मेकॅनिक म्हणतो, चारही बदला. पर्याय असे: कंपनीचे ओरिजिनल, बाहेरच्या मेकचे साधे तेलाचे, त्याच मेकचे गॅसचे, आणि एका दुकानदाराने दाखवलेले परदेशी, ज्यांच्या किमतीत माझ्या गाडीचं इंजिनकाम होईल. माझा कल साध्या तेलाच्याकडे आहे. गॅसचे म्हणजे कडक, असा अनुभव. मेहुण्याने घातलेत, त्याच्या गाडीत बसलं की बैलगाडीची आठवण येते. जितका मऊ शॉकअप तितका आराम, एवढं साधं गणित नाही का?

फिरस्ता

नाही. आणि हे मी स्वतःच्या पैशांनी शिकलोय.

माझ्या एस्टीममध्ये बायकोच्या पाठीसाठी मुद्दाम मिळतील तेवढे मऊ, स्वस्तातले शॉकअप टाकले होते. पहिला आठवडा झकास. सोसायटीच्या फाटकातला गतिरोधक गेला कधी ते कळलंच नाही. मग कसारा घाट चढलो. प्रत्येक वळणावर गाडी एका कुशीवर झुकायची, सरळ व्हायला वेळ घ्यायची, तोवर पुढचं वळण. मुलीला आयुष्यात पहिल्यांदा गाडी लागली. हायवेवर पुलाच्या सांध्यावरून गेलं की एक उडी, मग अर्धी, मग पाव. बायको म्हणाली, 'पाठ बरी होती, आता पोट गेलं.' सहा महिन्यांत काढून टाकले.

आराम म्हणजे एक धक्का, एकदाच, आणि विषय संपला. सरळ गॅसचे घ्या.

बेधडक

गाडी काढून टाका.

डोंगरवाट

@बेधडक, वाट बघत होतो तुमची.

@फिरस्ता, तुम्ही जवान माणसं घाटात वळणं मोजता. आई वळणांना घाबरत नाही, मी तिथे तिसाच्या वर जातच नाही. तिला दणके लागतात. छोटे, सतत. शिरवळच्या आसपास जिथे रस्ता ठिगळा-ठिगळाचा आहे तिथे ती दाराच्या वरची मूठ धरून बसते. दणका कमी करायला गॅस कसा काय उपयोगी?

चाकणची_मी

डँपर, म्हणजे शॉकअपच, त्यांचं टेस्टिंग हेच माझं रोजचं काम आहे, म्हणून थोडं लांबेल.

गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, स्प्रिंग पेलते. खड्ड्यात स्प्रिंग दबते, उसळते, आणि कोणी अडवलं नाही तर उसळतच राहते. तिला अडवणारा तो शॉकअप. आत तेलात एक पिस्टन आहे, त्याला बारीक भोकं आणि पातळ चकत्यांच्या झडपा. तेल त्यातून पिळून जाताना धक्क्याची ताकद उष्णतेत जाते. खराब रस्त्यावर तासभर चालवल्यावर शॉकअपला हात लावून बघा, कोमट लागेल. (लागला नाही तर तो काम करत नाहीये.)

आता गॅस. 'गॅसचे' म्हणजे तेलाऐवजी गॅस नव्हे. तेल असतंच, त्यावर नायट्रोजनचा दाब असतो, सतत घुसळून तेलाला फेस येऊ नये म्हणून. फेस आला की पिस्टन ताकात रवी फिरावी तसा फिरतो, अडवत काहीच नाही. साध्या दुहेरी नळीच्या (नळीत नळी) गॅस शॉकअपमध्ये हा दाब साधारण पाच-सात बार असतो. (बार म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला साधारण एक किलो.) पिस्टनचा दांडा १२ मिमीचा धरला तर छेद १.१३ चौरस सेंटीमीटर, म्हणजे दांडा बाहेर ढकलणारं बळ सहा ते आठ किलो. हजार किलोच्या आसपासच्या गाडीत चाकामागे आठ किलोने आईची पाठ दुखत नाही. एकेरी नळीच्या महागड्या शॉकअपमध्ये दाब २० ते ३० बार, तिथे हेच बळ २३ ते ३४ किलो होतं. तो फरक मात्र बसणाऱ्याला कळतो.

गाडी कडक की मऊ हे झडपा ठरवतात, गॅस नाही. मेहुण्याची गाडी कडक असेल तर झडपा तशा आहेत, किंवा कारण शॉकअपमध्ये नाहीच.

आणि फिरस्ता, तुमचं निम्मं बरोबर आहे. दबताना ढिला आणि उसळताना घट्ट असा शॉकअप बहुतेक प्रवासी गाड्यांत असतो. उसळतानाचा विरोध दबतानाच्या दुप्पट-तिप्पट हे नेहमीचं. तुमच्या एस्टीमला उसळतानाची बाजूच नव्हती. पण 'एकदाच धक्का आणि विषय संपला' हे डॉक्टरांना विचारून बघा. उभ्या दिशेने सेकंदाला ४ ते ८ वेळा होणारं थरथरणं माणसाच्या धडाला सर्वांत जास्त जाणवतं. गाडीचा संथ हेलकावा सेकंदाला एक-सव्वा. म्हणजे काकूंना हेलकावा चालेल, थरथर नको. घट्ट शॉकअप हेलकावा थांबवतो आणि थरथर वाढवतो. घाटात छान वाटतं, शिरवळला नाही.

फिरस्ता

म्हणजे मी निम्मा बरोबर. घरी यापेक्षा कमी मिळतं, चालेल.

पण एक विचारतो. दुकानात 'याच्या झडपा कशा आहेत' असं विचारायचं कोणाला? डब्यावर लिहिलेलं असतं का?

चाकणची_मी

नसतं. म्हणून म्हणते, ज्या शॉकअपवर गाडी कारखान्यातून आली तोच घ्या, किंवा मूळ जागी बसवायचा म्हणून विकला जाणारा. 'स्पोर्ट', 'हेवी ड्यूटी' लिहिलेला डबा हातात आला की परत ठेवा.

जुनं_सोनं

तुम्ही तरुण मंडळी झडपांचं गणित करताय. आमच्या अँबॅसिडरमध्ये मागे पाट्यांच्या स्प्रिंगा होत्या, चाकं १५ इंची, टायर उंच कडांचे, आणि सोफ्यासारखं सीट. पंढरपूरपर्यंत सात माणसं आणि एक गॅस सिलिंडर जायचा, कोणाची पाठ दुखली नाही. शॉकअप कधीचे मेले होते, आम्हाला पत्ताही नव्हता.

धागाकर्ते, टायर कुठले आहेत ते अजून सांगितलं नाहीत. आधी खाली वाकून बघा.

डोंगरवाट

काका, बघून आलो. आणि आता जरा ओशाळलोय.

मूळ टायर १६५/८० आर१४ होते. २०१८ मध्ये हौसेने १५ इंची अलॉय घातले, त्यावर १९५/६०. शोभा म्हणून. बाजूला कोरलेला चार आकडी कोड वाचला: ३२१७. म्हणजे २०१७चा बत्तिसावा आठवडा. घातले तेव्हाच जुने होते तर. नक्षी अजून भरपूर आहे म्हणून बदलले नाहीत. हवा पंपावरचा पोरगा सरसकट ३५ भरतो, मी कधी बघितलं नाही.

चाकणची_मी

हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं की हो!

१६५/८०ची कड १६५च्या ८० टक्के, म्हणजे १३२ मिमी, १९५/६०ची ११७. पंधरा मिमी रबर तुम्ही स्वतःच काढून टाकलंत. वर ते वाळून टणक झालेलं आणि हवा जास्त. बारीक दणके आधी टायर खातो, शॉकअपपर्यंत नंतर पोचतात. उद्या सकाळी गार टायरमध्ये गाडीवर चिकटवलेल्या तक्त्यातला आकडा भरा, फुकट आहे.

राईनकाठ

इथे जर्मनीत दर दोन वर्षांनी गाडीची तपासणी असते, शॉकअप पाझरला की पास होत नाही. माझ्या जुन्या गाडीला मी एकेरी नळीचे घातले आणि विषय मिटवला. एकदाच खर्च करा, दर्जा घ्या. भारतात सगळे स्वस्तात उरकायला बघतात.

पाना_बारा

दादा, तुमच्याकडचा रस्ता पण पाठवा त्या शॉकअपबरोबर.

माझं कराडला गॅरेज आहे. हायवेवरून गावात वळलं की तीन किलोमीटरला नऊ स्पीडब्रेकर. रस्त्याच्या १९८८च्या नियमात स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच सांगितला होता, पंचवीसच्या वेगाने आरामात जाता यावं म्हणून. आमच्याकडे उंची नियमापेक्षा जास्त आणि रुंदी पाटाएवढी. तिथे तुमचा महागडा शॉकअपपण बोंबलतो.

डोंगरवाट भाऊ, तुमचा मेकॅनिक चार शॉकअप म्हणाला, ठीक. पण वरचं माउंटिंग (शॉकअप बॉडीला धरणारं रबर), बंप स्टॉपर (पूर्ण दबल्यावर टेकणारं रबर), डस्ट कव्हर याबद्दल काही बोलला का? माझ्याकडे 'शॉकअप गेले' म्हणून जेवढ्या गाड्या येतात त्यातल्या निम्म्यांचे रबर गेलेले असतात. शॉकअप मेला की गाडी डुलते. दणदण वाजत असेल तर रबर बघायचं. मागचा बंप स्टॉपर पंधरा वर्षांत मुरमुऱ्यासारखा होतो, बोटाने दाबला की भुगा. मग स्प्रिंग पूर्ण दबली की लोखंडावर लोखंड. तो दणका थेट मागच्या सीटला.

अजून एक: मागच्या स्प्रिंगमध्ये कोणी रबरी बफर घातलाय का बघा. खालून गाडी घासते म्हणून लोक घालतात. त्याने वेटोळी अडकतात, स्प्रिंग कडक होते.

आणि काम करताना समोर उभे राहा. तीन गोष्टी बघा. साधा तेलाचा शॉकअप बसवायच्या आधी उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण खेचून-दाबून हवा काढावी लागते. आडवा पडलेला तसाच बसवला तर पहिल्या दिवसापासून ढकढक. दुसरं, नट फिरवताना दांडा पकडीने धरू देऊ नका. चकचकीत दांड्यावर एक ओरखडा पडला की सील कापलं जातं, दोन महिन्यांत पुन्हा ओघळ. तिसरं, लोअर आर्मच्या (पुढचं चाक धरणारा खालचा हात) आणि मागच्या बुशचे (सांध्यातल्या रबरांचे) बोल्ट गाडी जमिनीवर टेकवून कसायचे. लिफ्टवर लटकलेली असताना कसले तर बुश पिळलेलं राहतं, गाडी कडक लागते आणि रबर लवकर फाटतं. हे तिसरं कोणी करत नाही, कारण खाली झोपावं लागतं.

राईनकाठ

बाकी पटलं. पण पैसे असतील तर चांगल्या मालाला ना म्हणण्यात शहाणपण काय, हे अजूनही कळलं नाही.

चाकणची_मी

माल चांगलाच आहे, कोण नाही म्हणतंय? ताशी दीडशेच्या रस्त्यासाठी चांगला. पुणे-वाईला आईसाठी नाही.

डोंगरवाट

तीन आठवड्यांनी अपडेट.

मागच्या स्प्रिंगमध्ये बफर निघाला. दोन्ही बाजूंना, निळे. मी घातलेले नाहीत. मग आठवलं, चार वर्षांपूर्वी एका गॅरेजमध्ये 'थोडी उंच करून देतो' म्हणाले होते. मी हो म्हणालो असणार. डावा बंप स्टॉपर होताच कुठे, नुसती पिवळी पूड.

काय केलं: बफर काढले. मागे दोन नवे बंप स्टॉपर, दोन शॉकअप, बाहेरच्या मेकचे साधे गॅसचे. (हो, गॅसचे. मेहुण्याला सांगू नका.) पुढे दोन ओरिजिनल आणि वरची माउंटिंग. अलॉय विकले, जुने स्टीलचे रिम माळ्यावर होते, त्यावर नवे १६५/८०. अलाइनमेंट. टायर सोडून मजुरीसकट खर्च दहा हजारांच्या जरा वर गेला. शेवटचे बोल्ट कसताना मेकॅनिकला खाली झोपायला लावलं, त्याने माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं ते पाना_बारा यांच्या नावावर.

आई परवा शिरवळपर्यंत झोपली होती. पण घाटात गाडी आधीपेक्षा झुकते, हे खरं. फिरस्ता, तुमचा मुद्दा टायर बदलताना आठवला नव्हता, खंबाटकीत आठवला.

एकच राहिलंय. जागेवर स्टिअरिंग उजवीकडे पूर्ण वळवलं की पुढून डावीकडे 'टंग' असा एक आवाज येतो.

फिरस्ता

झुकण्याबद्दल सहा महिन्यांनी बोलू. मुलं मागे बसतील तेव्हा.

पाना_बारा

टंग म्हणजे स्प्रिंग उडी मारतेय. तिचं खालचं टोक खालच्या बशीतल्या खाचेत नीट बसलेलं नाही, नाहीतर माउंटिंग नवं टाकून बेअरिंग जुनंच ठेवलंय. बॉनेट उघडून स्ट्रटच्या (पुढचा शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र) डोक्यावर हात ठेवा, दुसऱ्याला स्टिअरिंग फिरवू द्या. वर हाताला झटका लागला तर बेअरिंग. नाही लागला तर स्प्रिंग. वेटोळ्यांत बोटं घालू नका. बिलावर बेअरिंग लिहिलंय का?

डोंगरवाट

बिल बघितलं. माउंटिंग दोन नग. बेअरिंग नाही.