मदत हवी आहे: आईचा कॅन्सर पेशंटांचा व्हॉट्सॲप ग्रुप, ठेवावा की सोडायला लावावा?

नमस्कार. आम्ही डिचोलीचे. आईला स्तनाचा कॅन्सर होता. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं आटोपलं. आता रोजची लेट्रोझोलची (कॅन्सर परतू नये म्हणूनची हार्मोनवरची) गोळी आणि ठरलेल्या तारखेला बांबोळीला, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात, तपासणी.

रेडिएशनच्या रांगेत ओळख झालेल्या एका काकींनी तिला ग्रुपमध्ये घेतलं. सुरुवातीला बरंच वाटलं. हात सुजू नये म्हणून कुठले व्यायाम, गोळीने सांधे सगळ्यांचेच धरतात का, असलं ती आम्हाला कधी विचारत नाही, तिथे विचारते. शेजारी अजून कुणाला धड सांगितलेलं नाही. चवथीला आलेल्या पाहुण्यांनाही 'छोटंसं ऑपरेशन' एवढंच.

पण ग्रुपमधलं कुणी ना कुणी जातं. दिवसभर हात जोडलेले इमोजी, आणि रात्री आई टक्क जागी. वर लक्ष्मणफळाच्या पानांचा काढा, 'साखर तोडा, गाठ उपाशी मरते' हे फॉरवर्ड. मध्यंतरी तिने भात सोडला होता (गोव्यात!). डॉक्टरांनी दटावल्यावर परत सुरू केला.

भाऊ म्हणतो, ग्रुपच काढून टाक. मग ती बोलणार कुणाशी? मराठी किंवा कोंकणीत चालणारा, नर्स किंवा समुपदेशकाचं लक्ष असलेला ग्रुप कुणाला माहीत आहे का? 'पॉझिटिव्ह राहा' कृपया नको, ते ऐकून ती विटली आहे.

प्रतिसाद: ताई, काढू नका. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डेव्हिड स्पीगल यांचा अभ्यास आला, तेव्हापासून आधारगटाने आयुष्य वाढतं असा बोलबाला झाला. २००१च्या कॅनडातल्या मोठ्या अभ्यासात आयुष्य वाढलेलं दिसलं नाही, पण मनाचा त्रास आणि दुखणं कमी जाणवलं, जास्त खचलेल्या बायकांना विशेष. मात्र ते गट समोरासमोर बसणारे, आणि चालवणारी माणसं प्रशिक्षित. म्हणून ॲडमिनना सांगून निधनाच्या बातम्यांसाठी वेगळा ग्रुप करून घ्या, काढे-बिढे बंद. सांधेदुखी डॉक्टरांच्या कानावर घालाच, त्यावर उपाय असतात. झोप उडालीच असेल तर टेली-मानस, मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन, १४४१६. फुकट आहे, रात्रीही लागतो, मराठीत बोलतात. बांबोळीलाच मानसोपचार संस्थाही आहे.

धागाकर्ती: आभार. ॲडमिन काकींशी आजच बोलते. मानसोपचाराचं नाव काढलं तर आई 'मी काय वेडी झाले?' म्हणेल, त्यामुळे आधी फोनच. ग्रुपचं कुणाला कळलं तर इथेच लिहा.