मदत हवी आहे: पहिला कॅमेरा घ्यायचाय, किट लेन्सवाला मिररलेस की खिशातला कॉम्पॅक्ट?

सह्यवेडी

नमस्कार मंडळी,

रिव्ह्यू वाचून वाचून डोक्याचा पार भुगा झालाय, म्हणून इथे विचारते आहे. आजवर सगळे फोटो मोबाईलवरच काढले. आता पहिला कॅमेरा घ्यायचाय. बजेट सत्तर हजारांच्या आसपास, फारच पटलं तर थोडं ताणता येईल. चाळण लावत लावत दोनवर आले आहे: मिररलेसमध्ये (आत आरसा नसलेला, लेन्स बदलता येणारा) कॅनन ईओएस आर५०, सोबत मिळणाऱ्या १८-४५ मिमी किट लेन्ससकट, नाहीतर कॉम्पॅक्टमध्ये (लेन्स कायमची जोडलेली) कॅननचाच जी७ एक्स मार्क ३.

वापर दोन प्रकारचा. एक म्हणजे ट्रेक. राजगड, हरिश्चंद्रगड असे नेहमीचे, भर पावसातले सुद्धा. दुसरं, घरची कार्यं. श्रावणात वहिनीची पहिली मंगळागौर आमच्याकडे आहे आणि फोटोंची जबाबदारी एकमताने माझ्या गळ्यात पडली आहे. मागे मावशीकडच्या मंगळागौरीत मोबाईलवर काढलेले फुगडीचे फोटो बघितले तर नुसते नऊवारीच्या रंगांचे फराटे दिसतात. कोण कोणाशी फुगडी घालतंय ते बांगड्यांवरून ओळखायचं!

दुकानदार म्हणतो मिररलेसच घ्या मॅडम, सेन्सर (उजेड टिपणारी चिप) मोठा, कमी उजेडात फोटो भारीच येणार. ऑफिसातला मित्र म्हणतो कॉम्पॅक्ट घे, मोठा कॅमेरा शेवटी कपाटातच जातो. रील वगैरे मी करत नाही. रॉ फाइलवर (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या कच्च्या फोटोवर) काम करायला शिकायची तयारी आहे, पण रोज रात्री एडिटिंग करत बसणं जमणार नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

निवांत

त्याच पैशात चांगला मोबाईल घ्या की. विषय संपला.

सह्यवेडी

मोबाईल बऱ्यापैकी नवाच आहे हो. फराटे त्यातलेच आहेत.

जुनं खोड

ताई, दुकानदाराचं अर्धं खरं आहे. आर५०चा सेन्सर २२.३ × १४.९ मिमी. जी७ एक्सचा 'एक इंची' म्हणवणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिमी. क्षेत्रफळात जवळजवळ तिपटीचा फरक. पण सेन्सरपर्यंत उजेड पोचवते लेन्स, आणि दुकानात तिच्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नाही. १८-४५ ही किट लेन्स सगळ्यात रुंद टोकाला एफ/४.५ इतकीच उघडते, झूम केली की एफ/६.३ (हा आकडा जितका लहान, तितकी लेन्स जास्त उघडते). जी७ एक्सची लेन्स एफ/१.८ ते एफ/२.८. उजेड या आकड्यांच्या वर्गाच्या (स्क्वेअरच्या) उलट प्रमाणात बदलतो, म्हणून ४.५ आणि १.८ यांच्यात उजेडाचा फरक पडतो सव्वासहा पट. सेन्सरने तिप्पट कमावलं, लेन्सने सव्वासहा पट घालवलं. बेरीज-वजाबाकी करा, घरातल्या उजेडात कॉम्पॅक्ट पुढे निघतो. झूम केल्यावर हा फरक जरा कमी होतो, पण पारडं फिरत नाही.

आता तुमच्या मंगळागौरीचा हिशोब. मोबाईलच्या फोटोत फराटे आले कारण उजेड कमी पडला म्हणून फोनने शटर हळू केलं. फुगडीला शटर निदान १/२५० सेकंद हवं, दोघी चांगल्या रंगात आल्या तर १/५०० सुद्धा अपुरं. घरच्या नेहमीच्या दिव्यांत १/२५०ला एफ/१.८ असेल तर आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता, वाढवली की फोटो दाणेदार होतो) १२५० ते १६०० मध्ये भागतं. एफ/४.५ला तोच फोटो आयएसओ ८०००च्या घरात जातो. आर५०चा ८००० हा जी७ एक्सच्या साधारण २८०० सारखा दिसेल असं धरलं, तरी १६०० केव्हाही बरा.

म्हणून मी कोणालाही आधी बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) नाही, लेन्स विचारतो. वर्षभरात दुसरी लेन्स घेणार असाल तर मिररलेस घ्या. किटवरच राहणार असाल तर मोठ्या सेन्सरचे पैसे बरेचसे वाया.

चष्मिष्ट

काकांचं गणित चोख आहे, पण फोकसचं काय? जी७ एक्स मार्क ३ हा २०१९चा कॅमेरा आणि त्याचा फोकस कॉन्ट्रास्ट पद्धतीचा. लेन्स थोडी पुढे, थोडी मागे करत तो जागा शोधत बसतो. माणूस स्थिर असेल तर काही वाटत नाही. गरगर फिरणाऱ्या दोन बायका समोर आल्या की तो नेमका मागच्या पडद्यावर जाऊन बसतो, आणि आयएसओ कितीही कमी असला तरी तो फोटो फेकायचाच.

आर५० २०२३चा आहे, त्यात ड्युअल पिक्सेल फोकस आहे, म्हणजे लेन्स किती हलवायची ते सेन्सरच थेट ओळखतो. एकदा डोळा पकडला की चेहरा वळून परत आला तरी लगेच सापडतो. कॉम्पॅक्टच हवा असेल तर सोनीचा आरएक्स१०० मार्क ५ किंवा ५ए कुठे चांगल्या अवस्थेत मिळतो का बघा. लेन्स २४-७० मिमी (फुल फ्रेमच्या, म्हणजे जुन्या फिल्मएवढ्या मोठ्या सेन्सरच्या, मापात; आकडा लहान तितकी फ्रेम रुंद), एफ/१.८ ते २.८, म्हणजे उजेडात जी७ एक्सइतकाच, आणि फोकससाठी फेज डिटेक्शनचे (त्याच थेट पद्धतीचे) ३१५ बिंदू. शिवाय वर उघडणारा व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी). आरएक्स१०० मार्क ७ मध्ये झूम २००पर्यंत जातो, पण लेन्स एफ/२.८ पासूनच सुरू होते, म्हणजे तुमच्या कामाला जुनाच बरा.

सह्यवेडी

बाप रे, मी मेगापिक्सेल बघत होते! आर५० घेतला आणि जोडीला ती स्वस्तातली ५० मिमी एफ/१.८ घेतली तर? सगळे तीच सुचवतात.

चष्मिष्ट

लेन्स झकास आहे, वजन फक्त १६० ग्रॅम. पण ती सुचवणारे बहुतेक फुल फ्रेमवाले असतात. आर५०चा सेन्सर त्याहून लहान, म्हणून त्यावर ती ८० मिमीसारखी वागते. तीन मीटरवरून कॅमेरा उभा धरलात तरी फ्रेममध्ये वरपासून खालपर्यंत जेमतेम १.३ मीटर मावतं. फ्लॅटच्या हॉलमध्ये भिंतीला पाठ लावलीत तरी डोक्यापासून गुडघ्यापर्यंतच. फुगडीत पाय दिसायला नकोत का? गॅदरिंगला स्टेजवरचे फोटो काढायला हीच लेन्स उत्तम, घरात मात्र अडचण. सिग्माची ३० मिमी एफ/१.४ आता कॅननच्या आरएफ माउंटलाही मिळते, ती घरातल्या अंतराला बरोबर बसते. एक लक्षात ठेवा, या दोन्ही लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवायची सोय) नाही आणि आर५०च्या बॉडीतही नाही. फुगडीला फरक पडत नाही, शटर तसंही वेगात असणार. पूजेचे फोटो समईच्या उजेडात काढताना मात्र कोपर भिंतीला टेकवा.

रविवारचा भटका

सगळे मंगळागौरीत रमले, ट्रेकबद्दल मी सांगतो.

आर५० बॅटरी-कार्डासह ३७५ ग्रॅम, किट लेन्स १३० ग्रॅम, म्हणजे पाचशेच्या वर. जी७ एक्स ३०४ ग्रॅम. दोनशे ग्रॅम सॅकमध्ये कळतही नाहीत, पण जी७ एक्स सॅकमध्ये ठेवायचाच नसतो, तो कमरेच्या पाउचमध्ये बसतो. राजगडला चोर दरवाजाने चढताना दोन्ही हात रेलिंगला असतात. वर पोचून जरा दम घेतला की पाउचमधून कॅमेरा काढून फोटो घेऊन परत आत टाकता येतो. गळ्यात लोंबणारा मिररलेस तिथे कातळावर आपटत राहतो, म्हणून लोक तो सॅकमध्ये टाकतात, आणि सॅक उतरवायचा कंटाळा. तुमचा मित्र कपाट म्हणतो ना, ते कपाट आधी सॅकमध्येच सुरू होतं.

कोकणकड्यावर आणखी एक गंमत. फुल फ्रेमच्या मापात जी७ एक्स २४ मिमीला सुरू होतो, आर५०ची किट लेन्स जवळपास २९ला. ऐकायला फरक किरकोळ, पण कड्याचा अर्धगोल फ्रेममध्ये बसवताना चांगलाच जाणवतो.

उलट बाजूही आहे. जी७ एक्सला व्ह्यूफाइंडर नाही. ऑक्टोबरच्या उन्हात गडावर स्क्रीनवर काही म्हणजे काही दिसत नाही, अंदाजाने क्लिक करायचं. बॅटरीही कमी, कंपनीच्याच आकड्याप्रमाणे २३५ फोटो. जास्तीची बॅटरी घ्यावीच लागेल.

पावसाचं म्हणाल तर यातला एकही पावसाचा नाही. कुठेही पाणी रोखणारं सीलिंग नाही. धो-धो पावसात काढायचेच असतील तर ओएम सिस्टीमचा टीजी-७ आहे, १५ मीटर पाण्याखालीही चालतो, पण सेन्सर इवलासा, त्यामुळे मंगळागौरीला त्याचा उपयोग नाही. बाकीच्यांसाठी झिपलॉकची पिशवी आणि एक सुती रुमाल. घरी आल्यावर कॅमेरा ओल्या पाउचमध्ये ठेवून देऊ नका. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, जेलचा रंग बदलला की ते गरम करून कोरडं करायचं. पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते ती अशीच, पाउचमध्ये पडून राहून. कॉम्पॅक्टची लेन्स वेगळी निघत नाही, त्यामुळे आत धूळ किंवा बुरशी गेली की सगळा कॅमेरा उघडायला लागतो आणि खर्च ऐकून माणूस नवाच घेतो. मिररलेसला उलट धोका, लेन्स बदलताना सेन्सरवर धूळ. गडावर वाऱ्यात लेन्स बदलायची नाही, एवढा नियम पाळला की पुरे.

सह्यवेडी

सगळ्यांचे मनापासून आभार. आता कल आर५०कडे झालाय, पण सिग्माची लेन्स आत्ताच परवडणार नाही. श्रावण तर तोंडावर आलाय. फ्लॅश मारला तर भागेल का?

जुनं खोड

भागेल, पण कॅमेऱ्यातला छोटा फ्लॅश थेट तोंडावर मारू नका. चेहरे पांढरेफटक आणि मागे भिंतीवर काळी सावली. आर५०ला वर फ्लॅश लावायची सोय आहे, जी७ एक्सला ती नाहीच. डोकं वळणारा फ्लॅश घेऊन उजेड छतावर मारा. छत पांढरं असेल तर अख्खा हॉल मऊ उजेडात भरतो आणि किट लेन्सवरही फुगडी थांबते. फ्लॅशसोबत शटर १/२५०पर्यंत नेता येतं. एक खबरदारी: आर५०चा फ्लॅशचा बूट नव्या प्रकारचा आहे, मधला संपर्कबिंदू त्यात नाही. जुना फ्लॅश नुसता सरकवून चालणार नाही, त्याला कॅननचा ॲडॅप्टर लागतो. घेण्याआधी दुकानात बॉडीवर लावून उडवून बघा.

पूजा चालू असताना फ्लॅश नको, गुरुजी वैतागतात. खेळ सुरू झाले की मग मारा हवा तेवढा. नाहीतर सरळ दोन दिवसांसाठी सिग्माची लेन्स भाड्याने आणा. पुण्या-मुंबईत लेन्स भाड्याने सहज मिळतात, ओळखपत्र आणि अनामत रक्कम लागते. आदल्या दिवशी संध्याकाळी आणून हॉलमधल्या त्याच दिव्यांत घरच्या पोरांना नाचवून सराव करा.

सह्यवेडी

भाड्याची कल्पना एकदम पसंत! शेवटचा प्रश्न, कार्ड कुठलं घेऊ?

चष्मिष्ट

या कॅमेऱ्यात एकच स्लॉट आहे आणि तोही यूएचएस-१ (कार्डाच्या वेगाचा जुना प्रकार), त्यामुळे महागडं यूएचएस-२ कार्ड घेऊन फायदा नाही. व्ही३० (किमान वेगाची खूण) लिहिलेलं ६४ जीबीचं कार्ड घ्या. एकच मोठं घेण्यापेक्षा दोन घ्या, खेळ सुरू व्हायच्या आधी बदला, म्हणजे एक बिघडलं तरी पूजेचे फोटो शाबूत. आणि बिलावर भारतातली वॉरंटी लिहून घ्यायला विसरू नका.