मदत हवी आहे : रिव्हर्स ग्रुपिंगमध्ये फक्त ए सेल्स कमजोर

नमस्कार मंडळी. इंदूरमध्ये एका छोट्या लॅबमध्ये ब्लड ग्रुपिंग बघतो. ट्यूब पद्धत आहे, जेल कार्ड परवडत नाही.

गेल्या चार दिवसांपासून बी ग्रुपच्या सँपलमध्ये फॉरवर्ड (पेशंटच्या पेशी अँटी-ए, अँटी-बी शी) चोख ४+ (सर्वांत जोरदार गुठळी) येतं, पण रिव्हर्समध्ये (पेशंटचा सीरम माहीत ग्रुपच्या पेशींशी) ए सेल्सशी जेमतेम १+. ट्यूब हलकेच हलवली की बारीक कण दिसतात आणि लगेच विरघळतात. हे पेशंट म्हातारे किंवा तान्हे नाहीत, त्यामुळे अँटिबॉडीच कमी असेल असं वाटत नाही. ए ग्रुपवाल्यांचं बी सेल्सशी मात्र ३+ ठीक येतंय, म्हणून सलाइन आणि सेंट्रिफ्यूजवर माझा संशय नाही. तरी सलाइन बदललं, सेंट्रिफ्यूज १००० आरपीएम, १ मिनिट तपासून घेतलं. पूल केलेल्या (एकत्र केलेल्या) ए सेल्स अँटी-ए शी ४+ देतात, पण त्याने काय सिद्ध होतं? ए२ (ए चा कमजोर उपप्रकार) सेल्सही मोनोक्लोनल अँटी-ए शी तशाच जोरात येतात.

आम्ही रोज तीन ए डोनरच्या सेल्स धुऊन, एकत्र करून ५ टक्के सस्पेन्शन (सलाइनमधलं मिश्रण) करतो. ताज्याच असतात. पण डोनर अँटी-ए१ लेक्टिनने (ए१ आणि ए२ वेगळे ओळखणारं रीएजंट) कधी तपासलेच नाहीत (ही आमचीच चूक). लेक्टिनची एकच व्हायल उरलीय, म्हणून जपून वापरायचीय.

तीनपैकी एकच डोनर ए२ असला तरी पूल इतका ढिला पडतो का? की सस्पेन्शन दाट झालं असावं? आणि ज्यांचे रिपोर्ट गेले, त्यांपैकी कोणाचे सँपल परत लावू: सगळ्या बींचे, की रक्त चढवायचं असलेल्यांचेच?