मदत हवी आहे: गोळ्यांमुळे की जागरणामुळे?

माझा धाकटा भाऊ एमपीएससीची तयारी करतो, पुण्यात. कुणीतरी त्याला मोडाफिनिलच्या (झोप येऊ न देणाऱ्या) गोळ्या दिल्या. चार रात्री जेमतेम दोन-दोन तास झोपला. आता मोबाईलच्या कॅमेऱ्यावर चिकटपट्टी लावलीय, पंखा बंद, कारण म्हणे त्यातून रूममेट आपल्याबद्दल बोलतात. समजवायला गेलं की माझ्याकडेच संशयाने बघतो.

गोळ्या बंद केल्यात, उद्या मानसोपचारतज्ज्ञांकडे नेतोय. पण नेमकं कशामुळे झालं असेल?

वाचलं की न्यूयॉर्कचा रेडिओ निवेदक पीटर ट्रिप 1959 मध्ये 201 तास जागा राहिला. शेवटी त्याला तपासायला आलेला डॉक्टर आपल्याला पुरायला आलाय असं वाटू लागलं. पण त्याला शेवटी शेवटी उत्तेजक औषधंही दिली होती! उलट अमेरिकेतला शाळकरी मुलगा रँडी गार्डनर औषधांशिवाय 264 तास जागला, थोडे भ्रम झाले, पण इतकी वाईट अवस्था नाही. म्हणजे दोन्ही एकत्र आलं की बिघडतं का?

आमच्या मामांनाही असा त्रास होता, हे डॉक्टरांना सांगावं ना? आई नको म्हणते, लोक काय म्हणतील म्हणून. कुणाच्या घरी असं झालंय का? झोप आल्यावर संशय किती दिवसांत उतरला? आणि तोवर त्याच्याशी बोलायचं कसं, त्याच्या संशयाला हो म्हणायचं की नाही?