मरिया बेट: डेव्हिल वाचवले की पेंग्विन मारले?

होबार्टवासी: काल इथे एकाने लिहिलं, "मरिया बेटावर टास्मानियन डेव्हिल सोडणारे संशोधक म्हणजे पेंग्विनचे मारेकरी." वाचून झोप उडाली. नवख्यांसाठी: मरिया हे ऑस्ट्रेलियातल्या आमच्या टास्मानियाजवळचं बेट, आणि डेव्हिल म्हणजे इथला पोटाला पिशवी असलेला मांसाहारी प्राणी. 1996 मध्ये तोंडावर गाठी आलेले डेव्हिल दिसले. हा कर्करोग चाव्यातून पसरतो, आणि खाताना, जुगताना एकमेकांना चावणं हा तर त्यांचा स्वभावच. 50 हजारांवरून 2020 पर्यंत 17 हजारांच्या खाली आले. 2012 ला निरोगी डेव्हिल बेटावर नेले नसते तर हातावर हात ठेवून बसायचं होतं का?

पक्षीवेडी: आणि बेटावरच्या 'छोटा पेंग्विन' जातीच्या 3,000 जोड्या? एक उरली नाही. डेव्हिल त्या बेटावरचा नव्हेच, माणसांनी नेऊन सोडला. पेंग्विनवर संकट येईल हे 2011 च्या सरकारी अहवालातच होतं.

पुणेकर: डेव्हिल गाड्यांखालीही मरतात, ते कोणी बोलत नाही. मेलेली वॉलबी (कांगारूची छोटी भावंडं) खायला रस्त्यावर येतात, अंग काळं, दिसत नाहीत. माझ्या गाडीखाली एक आला. अजून तो आवाज कानात आहे.

होबार्टवासी: रात्री गाडी काढलीत कशाला? पर्यटकांचं हेच!

पुणेकर: विमान उशिरा आलं, मुक्काम दोन तासांवर. गाडी भाड्याने देणाऱ्यांनी विम्याची पाच पानं वाचायला लावली, रात्रीच्या जनावरांबद्दल चकार शब्द नाही.

पहाटपाळी: सगळे पर्यटकच नसतात. मी रोज पहाटे चारला कामावर निघते. हळू चालवते, तरी दोनदा धडक बसली. तुम्ही नुसते ओरडा.

पक्षीवेडी: विषय पेंग्विनचा होता! 2020 ला ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर, न्यू साउथ वेल्समध्ये 400 हेक्टरच्या कुंपणात डेव्हिल सोडलेच ना? मग आधी बेटच का?

होबार्टवासी: बरं, बेट चुकलं. मान्य. पण मारेकरी हा शब्द मागे घ्या, त्या लोकांनी आयुष्य घातलंय यात. आणि पहाटपाळी, ओरडलो ते चुकलं. मेलेलं जनावर दिसलं तर, रस्ता मोकळा असेल तेव्हाच, बाजूला ओढा. नाहीतर पुढचा डेव्हिल तिथेच मरतो.

पहाटपाळी: ओढते मी. मादी असली तर?

होबार्टवासी: पिशवी बघा. डेव्हिलच्या पिशवीचं तोंड मागच्या बाजूला असतं. सड चारच, म्हणून पिल्लंही जास्तीत जास्त चार. पिल्लू सडाला चिकटलेलं असेल तर ओढू नका, वन्यजीव वाचवणाऱ्यांकडे आईसकट न्या.