वल्हांडण: वल्ह्याचं की ओलांडण्याचं?

प्रश्न: मराठी बायबलात 'वल्हांडण सण' येतो. मोशेने लोकांना समुद्रापार नेलं, म्हणून हा शब्द 'वल्हे'वरून आला का? आणि ईस्टर म्हणजेच वल्हांडण का?

उत्तर: वल्ह्याचा संबंध नाही. त्या कथेत होडी नाहीच. पाणी दुभंगतं आणि लोक कोरड्या जमिनीवरून चालत जातात. 'वल्हांडण'मधलं क्रियापद आहे वलांडणे, म्हणजे आपलं ओलांडणेच. जुन्या मराठीत ते 'वोलांडणे' असंही दिसतं. माझी आजी 'उंबरा वलांडून ये' असंच म्हणायची.

शब्दामागची गोष्ट समुद्र पार करण्याआधीच्या एका रात्रीची आहे. मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीत असलेल्या इस्राएली लोकांनी दाराच्या चौकटीला कोकराचं रक्त लावलं. त्या रात्री देशातल्या थोरल्या मुलांवर आलेला मृत्यू ही घरं ओलांडून पुढे गेला. हिब्रूत या सणाला पेसाह म्हणतात आणि त्याचा धातू आहे पासाह.

इथे मराठी कानाला जरा अडखळायला होतं. आडव्या पडलेल्या माणसाला ओलांडू नये, असं आपल्याला लहानपणीच बजावलेलं असतं. कुणी चुकून ओलांडलंच, तर त्याला पुन्हा मागे फिरायला लावतात. इथे मात्र ओलांडलं जाणं हीच सुटका आहे. मूळ धातूत आणखी एक छटा आहे. बायबलातल्या यशया या ग्रंथाच्या ३१व्या अध्यायात हाच धातू येतो, तो पिलांवर घिरट्या घालणाऱ्या पक्ष्यांच्या उपमेसोबत, आणि तिथे अर्थ होतो राखणं, वाचवणं. ही कथा ज्या निर्गम ग्रंथात आहे, त्याच्या प्राचीन ग्रीक भाषांतरातही या प्रसंगात एका ठिकाणी 'मी तुम्हाला झाकीन' अशा अर्थाचं क्रियापद आहे. म्हणजे 'पाखर घालणे' हाही या धातूचा एक चांगला मराठी अर्थ झाला असता. 'वल्हांडण' चूक नाही, पण ती ऊब त्यात उतरली नाही, याची मला हळहळ वाटते.

तुमची वल्ह्याची व्युत्पत्ती निरुपद्रवी आहे. याच सणाच्या नावाची दुसरी एक चुकीची व्युत्पत्ती मात्र फार महागात पडली. पेसाहचं अरामी रूप पास्खा, तेच ग्रीक ख्रिस्ती लोकांनी आपल्या सणासाठी, म्हणजे आजच्या ईस्टरसाठी, उचललं. ग्रीक भाषेत 'सोसणे' या अर्थाचं क्रियापद आहे पास्खेइन. दुसऱ्या शतकात सार्दीसचा (आज हे ठिकाण तुर्कस्तानात आहे) बिशप मेलितो याने आपल्या प्रवचनात ही दोन्ही जोडून टाकली: पास्खा म्हणजे सोसणं, आणि ते सोसणं ख्रिस्ताचं. भाषेच्या दृष्टीने याला काही आधार नाही. कारण एक शब्द सेमिटिक (हिब्रू-अरामी कुळातला) आहे आणि दुसरा ग्रीक. त्याच प्रवचनात पुढे तो इस्राएलवर देवाच्या हत्येचा आरोप करतो. या आरोपाचं आपल्या हाती असलेलं हे बहुधा सर्वांत जुनं स्पष्ट रूप. सुटकेच्या सणाच्या नावाखालीच तो मांडला गेला, आणि मांडणाऱ्याच्या गावातच ज्यूंची मोठी वस्ती होती.

तोवर आशिया मायनरमधले बरेच ख्रिस्ती लोक पास्खा ज्यूंच्या तिथीलाच, निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी पाळत. रोममध्ये रविवार धरत. ३२५ साली निकियाच्या ख्रिस्ती धर्मपरिषदेत सगळ्यांनी एकच रविवार पाळायचा आणि ज्यूंच्या गणनेवर अवलंबून राहायचं नाही, असं ठरलं. सम्राट कॉन्स्टन्टाइनच्या त्या वेळच्या पत्रातली ज्यूंबद्दलची भाषा कडवट आहे. तारीख तुटली, नाव मात्र तुटलं नाही. लॅटिनमध्ये पास्खा, पोर्तुगीजमध्ये पास्कोआ, आणि तिथून गोव्यात कोकणीत पास्कांचें फेस्त. मराठीत इंग्रजीवाटे 'ईस्टर' आला, त्यामुळे हा धागा आपल्याला दिसत नाही.

पुढे युरोपात हे दोन सण जवळजवळ येत आणि ज्यूंसाठी तेच भीतीचे दिवस ठरत. पेसाहची बिनखमिराची भाकरी करताना ज्यू ख्रिस्ती मुलांचं रक्त वापरतात, असा खोटा आरोप पसरला होता. ज्यांना धर्माने जनावराचं रक्तसुद्धा खायला मनाई आहे, त्यांच्यावर हा आरोप. पोप चौथा इनोसंट याने १२४७ साली तो फेटाळला, तरी तो थांबला नाही. १४७५ साली इटलीतल्या ट्रेंटमध्ये सिमोन नावाच्या लहान मुलाचं प्रेत सापडलं. तिथल्या ज्यू पुरुषांचा छळ करून कबुली काढली आणि त्यांना ठार मारलं. सतराव्या शतकात पोलंडचे रब्बी डेव्हिड हालेव्ही सेगल यांनी सणाच्या जेवणात लाल वाइन टाळायला सांगितलं. त्या जेवणात खरं तर लाल वाइनच पसंत करतात. पण प्याल्यातला लाल रंग पाहून कुणी तोच आरोप करील, ही धास्ती. एवढी एक तपशिलाची गोष्ट वाचली की मला पुढचं वाचवत नाही.

हुतात्मा मानून चाललेली सिमोनची भक्ती कॅथलिक चर्चने १९६५ साली बंद केली. त्याच वर्षी २८ ऑक्टोबरला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने जाहीर केलं की ख्रिस्ताच्या मृत्यूचा दोष त्या काळच्या सगळ्या ज्यूंवर सरसकट आणि आजच्या ज्यूंवर टाकता येत नाही. मेलितोच्या प्रवचनानंतर जवळजवळ अठराशे वर्षांनी.

पुरवणी प्रश्न: मग आपल्या कोकणातले ज्यू, बेने इस्राएल, या सणाला काय म्हणत?

उत्तर: हाच मला या चर्चेतला सर्वांत गोड भाग वाटतो. त्यांचं जुनं नाव होतं 'अनाशी ढाकाचा सण'. ढाकणे म्हणजे झाकणे. आंबट कालवणाचं भांडं सणाच्या दिवसांत झाकून ठेवायचं, कारण पेसाहमध्ये आंबवलेलं वर्ज्य. हिब्रू ग्रंथ हाताशी नव्हते, पण भांडं झाकायचं हे बायकांनी पिढ्यान्‌पिढ्या लक्षात ठेवलं. जेरुसलेमचं मंदिर पडल्याचा उपास, तोही त्यांच्याकडे 'बिरड्याचा रोजा', वालाच्या बिरड्यावरून.

ख्रिस्ती मिशनऱ्यांशी त्यांचं नातं युरोपातल्यापेक्षा निराळं राहिलं. जॉन विल्सन यांनी १८३२ साली त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. हेतू धर्मांतराचा होता, पण धर्म फार थोड्यांनी बदलला. बाकीच्यांनी ती विद्या घेतली आणि आपल्याच धर्माकडे वळवली. १८४६ साली मुंबईत मराठी भाषांतरासह हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. १८७४ च्या पुण्याच्या हग्गाद्यात तर चित्रंही आहेत, आणि त्यात लुगडं नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकऱ्या करताना दिसतात.

आता वापराबद्दल. ज्यूंच्या सणाला मराठीत वल्हांडण किंवा पेसाह म्हणावं. ईस्टरला वल्हांडण म्हणू नये. पण येशूच्या शेवटच्या भोजनाबद्दल लिहिताना 'वल्हांडणाचं भोजन' हाच शब्द हवा. पहिल्या तीन शुभवर्तमानांप्रमाणे (बायबलातल्या येशूच्या चरित्रांप्रमाणे) तो एक ज्यू माणूस आपल्या शिष्यांसोबत आपला सण पाळत होता, आणि 'शेवटचं जेवण' एवढंच लिहिलं की नेमकं तेच गळून जातं.